रोज ताणूनही मांडीची मागची बाजू पुन्हा आखडते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "ताई, रोज दहा मिनिटं हॅमस्ट्रिंग ताणतो. ताणलं की तासभर बरं वाटतं, सकाळी उठलो की पुन्हा जैसे थे." हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. सांगणारा कधी आठवड्यातून चार दिवस रॉड उचलणारा बावीस वर्षांचा मुलगा असतो. कधी हाडांसाठी वजनं उचला असं डॉक्टरांनी सांगितल्यावर जिममध्ये आलेली पन्नाशीची बाई असते. दोघांचाही समज एकच असतो, की वजन उचललं म्हणजे अंग आखडणारच आणि त्यावर ताणणं हा एकच उपाय.

या चक्रात मी स्वतः जवळपास दोन वर्षं अडकले होते. दिवसभर ऑफिसची खुर्ची, संध्याकाळी जिम आणि रात्री झोपण्याआधी दाराच्या चौकटीला टाच टेकवून पाय ताणणं. तिथल्या ट्रेनरचं उत्तर ठरलेलं असे, "अजून ताणा." मी अजून ताणलं. दोन वर्षांनी एका फिजिओथेरपिस्टनी मला पाठीवर झोपवून, गुडघा सरळ ठेवून माझा पाय उचलला आणि कोन मोजला. 85 अंश भरला. सर्वसाधारण माणसात तो 80च्या आसपास असला तरी पुरे. म्हणजे माझा स्नायू आखूड नव्हताच, आणि जी अडचण नव्हती तिच्यावर मी दोन वर्षं इलाज करत होते.

तेव्हापासून माझ्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्या कोणालाही मी आधी ताणायला सांगत नाही. आखडल्यासारखं वाटणं ही एक गोष्ट आणि स्नायूची लांबी खरोखर कमी असणं ही दुसरी. वाटण्याची कारणं पाच-सहा आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन कारणांत ताणल्यामुळे त्रास वाढतो.

ताणल्यावर तासभरच का बरं वाटतं

आपण समजतो की ताणल्यावर स्नायू रबरासारखा लांब झाला. पण दहा मिनिटांत स्नायू लांब होत नसतो. त्या वेळात बदलते ती मुख्यतः आपली ताण सोसण्याची तयारी. स्नायू एका कोनापर्यंत गेला की मेंदू "इथे थांब" असा इशारा देतो, आणि थोडा वेळ ताण धरून ठेवला की हा इशारा जरा उशिरा येऊ लागतो. वेपलर आणि मॅग्नुसन या संशोधकांनी 2010 मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. काही आठवडे ताणणाऱ्या माणसांचा कोन वाढलेला दिसतो, पण त्याच जुन्या कोनावर स्नायूचा विरोध मोजला तर तो बहुतेक तितकाच भरतो. माणूस अधिक ताण सोसायला शिकलेला असतो, एवढंच.

यात वाईट काही नाही. ताण सोसण्याची तयारी वाढणं हाही फायदाच आहे. पण मेंदू इशारा का देतोय हे कारण जागच्या जागी राहिलं, तर तासाभराने इशारा परत येतो. म्हणून कारणच शोधायचं.

घरी करायच्या चाचण्या

यासाठी जमिनीवर सतरंजी, एक मदतनीस आणि कोन मोजणारं ॲप असलेला फोन पुरतो. चाचणी थंड अंगाने करा, व्यायामानंतर नको, आणि पायांच्या व्यायामानंतरचे दोन-तीन दिवस तर नकोच.

पहिली चाचणी. पाठीवर झोपा. एक पाय जमिनीवर सरळ ठेवा. मदतनिसाने दुसरा पाय गुडघा न वाकवता सावकाश वर न्यायचा. कंबर जमिनीवर दाबली जाऊन माकडहाड उचलायला लागलं, किंवा खालचा गुडघा वाकायला लागला, की तिथे थांबायचं. नडगीवर फोन ठेवून कोन वाचायचा. ओटीपोट वळलं की पाय अजून वर जातो आणि आकडा खोटा येतो, त्यामुळे इथे घाई नको. दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवा. 80च्या आसपास असेल तर लांबीची काळजी सोडा. 60-65च्या खाली असेल तर स्नायू खरोखर कमी लांबीत अडकलाय असं धरून चला.

दुसरी चाचणी लगेच त्याच जागी. आता मदत न घेता, गुडघा सरळ ठेवून, स्वतःच्या जोरावर पाय उचला. मदतीने 85 आणि स्वतःहून 60, असं अंतर निघालं तर लांबी आहे पण ती वापरण्याची ताकद नाही. पाय वर उचलणारे पुढचे स्नायू आणि पोट कमी पडतंय. असा माणूस वर्षभर ताणत बसला तरी त्याच्या चालण्या-वाकण्यात फरक पडत नाही, कारण मिळालेला कोन त्याच्या ताब्यातच येत नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक करत नाहीत. खुर्चीच्या काठावर बसा, पाठ पोक काढून सैल सोडा, हनुवटी छातीला लावा आणि एक पाय समोर सरळ करा. मागे ताण जाणवेल. आता पाय अजिबात न हलवता फक्त मान वर करा. ताण कमी झाला का? मग पाऊल स्वतःकडे ओढा. वाढला का? विचार करा, मांडीच्या मागचा स्नायू नितंबाखालच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याच्या जरा खाली संपतो. मानेशी त्याचा काही संबंध नाही, घोट्याशीही नाही. मान हलवल्यावर मांडीतला ताण बदलतो, याचा अर्थ ताणली जाणारी वस्तू मानेपासून पावलापर्यंत सलग आहे. ती म्हणजे पाठीच्या कण्यातून निघून मांडीमागून खाली जाणारी नस, आपण जिला सायटिकाची नस म्हणतो ती. थोडाफार बदल निरोगी माणसातही जाणवतो. पण एका बाजूला स्पष्ट जास्त असेल, किंवा नेमकी तुमची ओळखीची तक्रारच या बसण्यात उमटत असेल, तर मामला नसेचा आहे असं समजा.

चौथी चाचणी घड्याळाची आहे. सकाळी आखडलेलं असताना 20 बैठका मारा, पाच मिनिटं झपाझप चाला, पुन्हा 20 बैठका मारा. आखडणं पुष्कळ कमी झालं तर अडचण लांबीची नाही. आखूड दोरी दहा मिनिटांत लांब होत नसते.

लांबी पुरेशी आहे, तरी आखडतं

वजन उचलणाऱ्यांत मला हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि माझा स्वतःचाही हाच होता. कोन चांगला, नसेची चाचणी ठीक, बैठका मारल्या की मोकळं होतं, दुसऱ्या दिवशी परत आखडतं.

कारण व्यायामाच्या वहीत सापडतं. मी तेव्हा काय करत होते? पालथं झोपून लेग कर्ल, म्हणजे मशीनवर वजनाविरुद्ध गुडघा वाकवून टाच ढुंगणाकडे ओढणं. डेडलिफ्ट, म्हणजे ओणवं होऊन रॉड उचलणं, तीही रॉड गुडघ्याच्या जरा खालीच आणून परत वर नेलेली. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठक, मांडी जमिनीला समांतर व्हायच्या आधीच थांबवलेला. म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला मी आठवड्यातून दोनदा जोरदार कामाला लावत होते, पण कायम आखूड आणि मधल्या लांबीत. ताणलेल्या लांबीत त्याच्यावर वजन कधी पडलंच नव्हतं. तिथे तो कमजोर होता, आणि कमजोर जागी शरीर आपल्याला सहजासहजी जाऊ देत नाही, आधीच ब्रेक लावतं. तो ब्रेक मला आखडणं म्हणून जाणवत होता.

इलाज म्हणजे त्या लांबीत हळूहळू वजन घेणं. माझ्या मते यासाठी रोमेनियन डेडलिफ्टइतका चांगला व्यायाम दुसरा नाही. गुडघे किंचित सैल ठेवून खुब्यातून ओणवं व्हायचं. भातलावणी करणारी माणसं ओणवी होतात ना, तसंच, फक्त पाठ गोल होऊ द्यायची नाही. ढुंगण मागे, रॉड मांडीला घासत खाली. मागे ताण भरून येतो आणि पाठ अजून सपाट आहे, ती तुमची तळाची जागा. रॉड जमिनीला लागलाच पाहिजे असं काही नाही.

वजन सुरुवातीला लाज वाटेल इतकं कमी ठेवा. 100 किलोची डेडलिफ्ट करणाऱ्याने 30-40 किलोपासून सुरुवात करावी. खाली जाताना चार आकडे मोजायचे, तळाशी दोन आकडे थांबायचं, मग वर. 8 वेळा, 3 सेट, आठवड्यातून दोनदा. पहिल्या आठवड्यानंतर मांड्या चांगल्याच आंबतील, कारण ताणलेल्या लांबीत सावकाश वजन सोडण्याची त्यांना सवय नसते. तेव्हा घाबरून सोडू नका आणि वजनही वाढवू नका. तिसऱ्या आठवड्यापासून हे आंबणं बरंच कमी होतं. मग दर आठवड्याला अडीच किलो.

लेग कर्ल करायचाच असेल तर पालथं झोपून करायच्या मशीनपेक्षा बसून करायचं मशीन निवडा. बसल्यावर खुबा वाकलेला असतो, म्हणून स्नायू आधीच लांब झालेला असतो आणि त्याच लांबीत काम करतो. 2021 मध्ये जपानमध्ये माएओ आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाच्या एका पायाला बसून आणि दुसऱ्याला झोपून असा 12 आठवडे व्यायाम देऊन पाहिला. बसून केलेल्या पायाचा हॅमस्ट्रिंग सुमारे 14 टक्के वाढला, झोपून केलेल्याचा 9 टक्के. आखडणाऱ्या माणसासाठी हा बदल फुकटात मिळणारा आहे, मशीन बहुतेक जिममध्ये शेजारीच असतं.

"वजन उचलून लवचिकता वाढते?" असं लोक अविश्वासाने विचारतात. वाढते. आफोन्सो आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये 11 अभ्यास, मिळून 452 माणसं, एकत्र करून पाहिलं. ताकदीचा व्यायाम आणि ताणणं यांत सांध्याचा कोन वाढवण्याच्या बाबतीत फरक सापडला नाही. अट एकच, व्यायाम पूर्ण पल्ल्यात हवा. अर्धवट पल्ल्यात केलेला व्यायाम उरलेला अर्धा पल्ला देत नाही.

आणि नुसतं वजन उचलल्याने अंग आखडतं हा समज खोडायला सांगलीच्या संकेत सरगरकडे बघावं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 किलो उचललं. आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार सरळ हातांनी डोक्यावर धरून तळापर्यंत बसायचं आणि तिथून उठायचं. घोटा, खुबा, पाठ, खांदा, यातला एकही सांधा आखडलेला असता तर ते शक्यच नव्हतं. आपला मल्लखांबही तेच सांगतो. मुलं खांबावर शरीराचा सगळा भार तोलतात आणि तीच मुलं वेताच्या काठीसारखी वाकतात.

माझं स्वतःचं सांगायचं तर दहा आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना लक्षात आलं, की आज मांडीची आठवणच झाली नव्हती.

खरोखर लांबी कमी असेल तर

कोन 60-65च्या खाली आहे, बैठका मारूनही फार फरक पडत नाही, नसेची चाचणी शांत. इथे ताणणं हवं, आणि ते नीट हवं.

किती वेळ ताणायचं यावर खूप गोंधळ असतो. बँडी आणि आयरियन यांनी 1994 मध्ये नेमका हॅमस्ट्रिंगच घेऊन 15, 30 आणि 60 सेकंद अशी तुलना केली होती. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. 15 पेक्षा 30 सेकंद चांगलं ठरलं, पण 30 आणि 60 यांत फरक पडला नाही. 2018 च्या एका मोठ्या आढाव्यातून एका स्नायूला आठवड्याला एकूण किमान पाच मिनिटं हा हिशेब पुढे आला. म्हणजे 30 सेकंद, दोन वेळा, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी एकदाच अर्धा तास घाम गाळून ताणण्यापेक्षा रोजचं मिनिटभर कधीही भारी.

पद्धत म्हणून मला आकसून-सोडून ताणणं सर्वांत जास्त लागू पडलेलं दिसतं. पाठीवर झोपून पायाला ओढणी किंवा पंचा अडकवा, पाय ताण येईपर्यंत वर न्या. आता टाच पंच्यात खाली दाबा, निम्म्या ताकदीने, सहा सेकंद. सोडा, श्वास सोडा आणि मिळालेला चार बोटांचा पल्ला घेऊन 30 सेकंद थांबा. ताण दहापैकी सहा-सात इतका असावा. दात-ओठ खाऊन ताणलं की स्नायू उलट आवळतो.

आणि मिळालेल्या कोनावर लगेच वजन द्या. ताणणं झालं की हलक्या डंबेलने रोमेनियन डेडलिफ्टचे दोन सेट. नुसता ताणून मिळवलेला पल्ला टिकत नाही, वापरलेला टिकतो.

वेळ मात्र सांभाळा. जड वजन उचलायच्या आधी लांबलचक ताणू नका. बेम आणि सहकाऱ्यांच्या 2016 च्या आढाव्यात एका स्नायूला मिनिटापेक्षा जास्त स्थिर ताणल्यावर लगेचच्या कामगिरीत सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घट दिसते. मिनिटापेक्षा कमी असेल तर ती साधारण एक टक्का, म्हणजे नगण्य. म्हणून आधी अंग गरम करायचं: बैठका, पाय झुलवणं, रिकामा रॉड. लांब ताणणं शेवटी किंवा रात्री. आखाड्यात मेहनतीआधी कोणी शांतपणे पाय पसरून ताणत बसत नाही, जोर-बैठकांनीच अंग मोकळं होतं. ती पद्धत बरोबर आहे.

नसेचा मामला

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने तीन महिने उजवा पाय ताणला होता. ताणताना पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं आणि त्याला वाटायचं, आता बरोबर जागी लागलं. बसायच्या चाचणीत मान वर करताच त्याचा ताण निघून गेला, खाली घालताच परत आला. मी त्याला त्याच दिवशी ताणणं बंद करायला लावलं आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं. कमरेतली चकती सरकून नस दबत होती.

नसेला स्नायूसारखं ताणून धरलेलं आवडत नाही, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ती जास्त चिडते. म्हणून चाचणीत नसेची शंका आली की ताण धरून ठेवणं पूर्ण थांबवा. फिजिओथेरपिस्ट नस सरकवण्याच्या हालचाली शिकवतात, एका टोकाला सैल सोडून दुसऱ्या टोकाला खेचायची, न थांबता, दुखेल इथपर्यंत न जाता. त्या बघून शिका, वाचून नकोत.

गुडघ्याखाली दुखणं उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, खोकताना-शिंकताना कळ येत असेल, तर व्यायामाच्या सल्ल्यांवर वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. पाऊल वर उचलता येत नसेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल किंवा जांघेच्या मधला भाग बधिर झाला असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

नितंबाखालच्या हाडापाशी नेमकं दुखतं

हा प्रकार ओळखायला सोपा आणि बिघडवायला त्याहून सोपा. दुखणं पसरलेलं नसतं, एका बोटाने दाखवता येतं: ज्या हाडावर आपण बसतो तिथेच. कडक बाकावर किंवा एसटीच्या लांब प्रवासात वाढतं. खोल ओणवं झालं, मोठी ढांग टाकली की टोचतं. इथे दुखतो तो स्नायूला हाडाशी बांधणारा जाड पट्टा, म्हणजे कंडरा. पाय ताणून पुढे वाकलात की हा पट्टा त्याच हाडावर दाबला जातो. म्हणजे तुम्ही ताणून त्याला रोज चिरडता.

इथे ताणणं बंद. खुबा कमी वाकवून करायचं काम सुरू ठेवा: पाठीवर झोपून टाचा जमिनीत रोवून कंबर उचलून 30-40 सेकंद धरायची, चार-पाच वेळा, दिवसाआड. नंतर एका पायावर. खोल ओणवं होणं सर्वांत शेवटी परत आणायचं. याला आठवडे नाही, महिने लागतात. धीर धरणाऱ्यांचाच तो बरा झालेला मी पाहिला आहे.

आंबणं आणि आखडणं

पायाच्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस जे होतं ते आंबणं. ते आपोआप जातं. व्यायामाआधी किंवा नंतर ताणल्याने ते टळत नाही. कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात दुखण्याच्या 100 गुणांच्या मापावर फरक निघाला तो अर्ध्या गुणापासून चार गुणांपर्यंत. चाला, हलक्या बैठका मारा, झोपा. पण आंबणं आठवडाभर जातच नसेल तर वही उघडा. मागच्या महिनाभरात सेट किती वाढवले? झोप किती? बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. एक आठवडा सेट निम्मे करा, वजन तेच ठेवा. त्या आठवड्यात आखडणं गेलं तर दोष थकव्याचा होता.

ज्यांना मुळात ताणायलाच नको

गुडघे सरळ ठेवून तळहात सहज जमिनीला लागतात, कोपर उलट्या बाजूला जरा जास्तच जातं, अंगठा वाकवला तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, अशी काही माणसं असतात, बायका-मुलींत जास्त. आणि तीच येऊन सांगतात की सगळं अंग आखडलंय. त्यांचे सांधे ढिले असतात, म्हणून स्नायू सांधा सांभाळण्यासाठी सतत आवळून बसलेले असतात. अशा मुलीला अजून ताणायला सांगणं म्हणजे दोर सैल झालेल्या तंबूचा उरलेला खुंटाही उपटणं. तिला वजन हवं, सावकाश आणि टोकापर्यंत न जाता. दोन महिन्यांत तिचं आखडणं कमी होतं, हे मी वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

घोटा आणि खांदा, थोडक्यात

स्क्वॉटमध्ये टाच उचलते किंवा तळाशी कंबर गोल होते, आणि दोष हॅमस्ट्रिंगला दिला जातो. स्क्वॉटमध्ये गुडघाही वाकतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंग तिथे फारसा ताणलेलाच नसतो. आधी घोटा बघा. भिंतीसमोर एक पाय ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून मागे मागे न्या. 10 सेंटिमीटरच्या आसपास जमलं तर घोटा ठीक. पाच-सहावरच अडला आणि मागे पोटरीत ओढ जाणवली, तर गुडघा वाकवून पोटरी ताणा आणि हातात डंबेल धरून रोज दोन-तीन मिनिटं उकिडवं बसा. ओढ मागे नसून घोट्याच्या पुढे चिमटल्यासारखं होत असेल तर ताणून उपयोग नाही, सांध्याला फिजिओथेरपिस्टचा हात लागतो. तोवर टाचेखाली अडीच किलोच्या छोट्या प्लेटा ठेवून स्क्वॉट करायला काही हरकत नाही. आपण उकिडवं बसणं सोडलं आणि घोटे गमावले. ज्यांच्या घरी आजी अजून जमिनीवर बसून भाजी निवडते, त्यांनी तिच्या टाचा बघाव्यात.

घोटा चांगला असून जांघेत पुढून हाड हाडाला अडल्यासारखं होत असेल, तर पाय जरा रुंद ठेवा, पावलं थोडी बाहेर वळवा. प्रत्येकाच्या खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाची मान वेगळ्या कोनात असते. हाड ताणता येत नाही. अशा माणसाने समांतरपर्यंतच बसावं आणि ते पूर्ण समाधानाने करावं.

खांद्याचं असंच. रॉड डोक्यावर नेताना कंबर मागे वाकत असेल तर बारला लोंबकळा. 30 सेकंद, तीन वेळा, पाय हलके टेकवून सुरुवात केली तरी चालेल. आणि बेंच प्रेसच्या, म्हणजे बाकावर झोपून रॉड वर ढकलण्याच्या, जोडीला तेवढंच ओढण्याचं काम ठेवा. मला यापलीकडे फारसं काही लागलेलं नाही.

कसं मोजत राहायचं

दर चौथ्या रविवारी सकाळी, अंग थंड असताना, पहिल्या दोन चाचण्या परत करा आणि आकडे त्याच वहीत लिहा जिच्यात वजनं लिहिता. रोज मोजू नका. झोप, उकाडा, पाणी, पाळी, सगळ्याने रोजचा आकडा पाच-सात अंशांनी मागेपुढे होतो आणि मन उगाच खचतं. आठ आठवड्यांत कोनही बदलला नाही आणि सकाळचं आखडणंही, तर तुम्ही चुकीचं कारण धरलंय. पुन्हा पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा, या वेळी मदतनीस बदलून. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा पहिल्या मोजणीत ओटीपोट वळलेलं असतं आणि 80 वाचलेला कोन प्रत्यक्षात 62 असतो.